हार मानण्याची तालीम

शरण जाणे ही नामुष्की की शहाणपण, हा प्रश्न आपण बहुधा रणांगणाच्या नाहीतर राजकारणाच्या संदर्भात विचारतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना तो रोज संध्याकाळी मॅटवर पडतो. पाच-सहा मिनिटांच्या झटापटीत कधी हात अडकतो, कधी मान आवळली जाते, आणि जोडीदाराच्या अंगावर दोन-तीनदा थाप मारावी लागते. थाप पडली की पकड सुटते. दोघे हात मिळवतात आणि पुन्हा भिडतात.

लाल मातीतली कुस्ती पाहत वाढलेल्यांना ही विद्या आधी उलटीच वाटते. तिथे पाठ टेकली की निकाल लागला. इथे पाठ टेकलेला माणूस वरच्याच्या कमरेभोवती पाय गुंफतो आणि तिथून लढू लागतो. या अवस्थेला ‘गार्ड’ म्हणतात. मग हार कोणती? स्पर्धेत गुणांचा हिशेब असतो, पण रोजच्या सरावात जी आपण स्वतः कबूल करू तीच हार.

आणि ही कबुली वेळेआधी द्यावी लागते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांतच शुद्ध हरपते. मग थाप कोण मारणार? टाच धरून गुडघा पिळणाऱ्या ‘हील हुक’मध्ये तर वेदनाच उशिरा पोहोचते. दुखेल तेव्हा बघू, म्हणणाऱ्याचा सांधा तोवर निकामी झालेला असतो. म्हणजे पुरावा हाती येण्याआधी हार मान्य करायची. माणसाच्या मनाला हे फार जड जाते. साध्या वादातसुद्धा आपण ‘अजून सिद्ध कुठे झालंय?’ म्हणत शेवटपर्यंत ताणत नाही का?

या विद्येतला सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र थाप न मारण्याचाच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात जूदोची कोदोकान ही संस्था काढली. तिथे शिकलेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि त्याची विद्या पुढे ग्रेसी घराण्याने आपलीशी केली. त्या घराण्यातला हेलिओ २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात मासाहिको किमुरा या वजनाने कितीतरी भारी जूदोपटूशी लढला. किमुराने त्याचा हात पिळला. हाड मोडले, असे किमुराने पुढे लिहून ठेवले आहे. हेलिओने थाप मारली नाही. अखेर थोरला भाऊ कार्लोस याने लढत थांबवली. हरलेल्यांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचेच नाव दिले. आजही तो ‘किमुरा’ म्हणूनच शिकवला जातो.

हेलिओच्या जिद्दीला लोक दाद देतात, ती द्यावीच. पण आम्हांला कार्लोस अधिक विचार करायला लावतो. भावाच्या वतीने हार मानण्याचा हक्क त्याला कोणी दिला? आणि त्याने ती मानली नसती तर त्याला भाऊ म्हणायचे कसे? शिवाय मैदानातली जिद्द एका रात्रीची असते. रोज सगळेच असे वागू लागले तर आठवडाभरात तालमीला कुलूप लागेल.

या विद्येत निळा पट्टा मिळायलाच बहुतेकांना एक-दोन वर्षे लागतात, काळ्या पट्ट्याला दहाच्या आसपास. एवढा काळ टिकायचे तर अंग शाबूत हवे, आणि ते आपल्या एकट्याच्या हाती नसते. जोडीदार आपला हात आपल्या स्वाधीन करतो ती अमानत असते. हरू नये म्हणून रोज दुबळाच जोडीदार निवडणारा या अमानतीचा गैरवापर करतो, असे आमचे मत आहे. तो दुसऱ्याच्या अंगावर आपली शान पोसतो आणि स्वतः काही शिकत नाही.

खरा पेच वेगळाच आहे. नवशिका शरमेपोटी थाप मारतच नाही, तेव्हा पकड धरणाऱ्याने काय करावे? नियमाने तो पिळत राहू शकतो. जाणता माणूस पकड सोडतो आणि शांतपणे सांगतो, “हात गेला होता.” पकड आपणच सोडवली असे समजून नवशिका हसतो आणि विचारतो, “पण मी थाप कुठे मारली?”