फोटोत टॉवर पूर्ण यायला हवा

दुबईत नोकरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक यादी केली होती. दुबई फ्रेम, खाडीवरची एका दिरहमची अब्रा होडी, सोन्याचा बाजार आणि अर्थात बुर्ज खलिफा. दर शनिवारी एक ठिकाण करायचं आणि फोटो सांगलीला घरच्या ग्रुपवर टाकायचे. आईचा अंगठा आला की ते ठिकाण ‘झालं’.

बुर्जच्या पायथ्याशी, कारंज्यांच्या तळ्याकाठी, एका माणसानं मला थांबवलं. पन्नाशीचे असावेत. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल. फोन पुढे करून म्हणाले, “मॅडम, एक फोटो. पूरा टॉवर आना चाहिए.” ८२८ मीटरची इमारत आणि माणूस एका फोटोत बसवायचा तर जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं. मी गुडघे टेकून चार फोटो काढले. मग कळलं, बांधकाम चालू असताना दोन वर्षं हे काका इथे शटरिंगच्या कामावर होते. मूळचे करीमनगरकडचे. नातवाला फोटो पाठवायचा होता. राहता कुठे, विचारलं तर म्हणाले, “सोनापूर.”

सोनापूर ही दुबईच्या कडेची कामगारांची वस्ती. मुंबईच्या जुन्या बोलीत सोनापूर म्हणजे स्मशान. गिरगावातली माझी आजी हा शब्द आवाज खाली आणूनच उच्चारायची.

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. बांधकामाला काय किती लागेल आणि त्याचे किती पैसे होतील, हे मांडणं माझं काम. माझ्या शीटमध्ये माणसं नसतात, मॅन-अवर्स असतात. बुर्जला असे २ कोटी २० लाख तास लागले, हे आमच्या क्षेत्रात कौतुकानं सांगतात. उन्हाळ्यात तिथलं काँक्रीट रात्री ओतायचे आणि त्यात बर्फ घालायचे, कारण दिवसाच्या उष्म्यात ते बिघडतं. माणसांसाठी इथे नियम आहे: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात काम बंद. पण ऊन काही तीनला थांबत नाही. याच इमारतीच्या कामगारांनी मार्च २००६मध्ये पगारावरून आणि मिळणाऱ्या वागणुकीवरून काम थांबवलं होतं, तोडफोडही केली होती. हे मी त्या रात्री घरी येऊन वाचलं.

तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला आहे. एखादी गोष्ट कशी उभी राहिली हे ठाऊक असताना ती मन भरून पाहावी का?

ऑफिसातल्या मित्राचं उत्तर तयार होतं. “कुणी पकडून आणलंय का त्यांना? गावात याहून कमी मिळतं म्हणून येतात. तू तरी कशासाठी आलीस?” शेवटचा प्रश्न मला बोचला, कारण तो खरा होता. पण मी कंपनीच्या तिकिटावर आले. कित्येक कामगार एजंटाचे पैसे भरायला कर्ज काढून येतात आणि सुरुवातीची कमाई ते फेडण्यातच घालवतात. ‘स्वखुशी’ हा शब्द आम्हा दोघांना सारखाच लावता येत नाही.

दुसरं उत्तर माझं स्वतःचं होतं: यादी फाडायची, बुर्जकडे पाठ करायची. काही आठवडे तसं केलं, आणि त्याचं मला बरंही वाटत होतं. मग काका आठवले. वरच्या मजल्यांकडे हात करून “वो हमने बनाया” म्हणताना ते ताठ उभे होते. मी तोंड फिरवल्यानं त्यांच्या पगारात एक दिरहमही वाढणार नव्हता. उलट ज्या कामाचा त्यांना अभिमान आहे, ते बघण्यालायक नाही असं मी परस्पर ठरवत होते. अर्थात, त्यांना अभिमान आहे म्हणून मी सुटले असंही होत नाही.

कारण काका भेटण्याच्या महिनाभर आधी एका टेंडरमधून मी दोन ओळी काढल्या होत्या: जादा सावलीची शेड आणि गार पाण्याचे जादा कूलर. कायद्यानं लागतं तेवढं ठेवलं, वरचं कापलं. आकडा खाली आला, माझं कौतुक झालं. बुर्ज बांधताना कुणाचं काय झालं याला मी जबाबदार नाही. त्या दोन ओळींना आहे. शहर बघून हळहळणं सोपं होतं, कारण त्यात मला काहीच सोडावं लागत नव्हतं.

पुढच्या टेंडरला त्या ओळी मी ठेवल्या. साहेबांनी विचारलं, “हे कशाला?” म्हटलं, “लागतं.” त्यांनी शीट वर पाठवलं. तिथे कुणी कापलं का, अजून कळलेलं नाही. कापलं असेल तर मी पुन्हा तोंड उघडेन का, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा व्हिसाही कंपनीच्याच हातात आहे.

गेल्या शनिवारी १२४व्या मजल्यावर जाऊन आले. वरून शहर सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू? सोनापूर कुठल्या बाजूला असेल, ते बराच वेळ शोधत होते. आईला फोटो पाठवला. तिनं विचारलं, “झाली का सगळी दुबई बघून?”

मी लिहिलं, “नाही अजून.”