भरपाई केव्हा पूर्ण होते?



दंड भरला की अपराध्याचा शासनाशी असलेला व्यवहार संपतो. परंतु ज्याची हानी झाली, त्याच्याशी असलेला व्यवहारही तेवढ्यानेच संपतो काय? चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे हा प्रश्न आज उभा आहे.

तेथे कोसस्थलैयार नदी खाडीतून समुद्रास मिळते. वीजकेंद्रांच्या राखेने ही खाडी आधीच गढूळ व उथळ झाली होती. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणली येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरातून तेल वाहून आले. नावा, जाळी, तिवरांची मुळे काळी पडली. मच्छीमारांनी बादल्यांनी तेल उपसले. शासनाने बाधित मच्छीमार कुटुंबांसाठी प्रत्येकी १२,५०० रुपये जाहीर केले. ही मदत आवश्यकच होती. परंतु पैशाने मासळी खाडीत परतत नाही.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील एक नियम पाहा. ज्याची जनावरे दुसऱ्याचे शेत चरतील, त्याने आपल्या शेतातील उत्तम पिकातून ते भरून द्यावे. या ‘भरून देणे’ साठी असलेल्या हिब्रू क्रियापदाचा आणि ‘शालोम’ या शब्दाचा धातू एकच आहे. ‘शालोम’चे भाषांतर आपण ‘शांती’ असे करतो. त्याच्या मुळाशी अर्थ आहे पूर्णत्व. म्हणून येथे ‘दंड’ हा शब्द भाषांतरास अपुरा पडतो. मोडलेले पुन्हा अखंड होणे, हा भरपाईचा शेवट होय.

वेल्लोर हे नाव आपणांस तेथील ख्रिस्ती रुग्णालयामुळे परिचित आहे. त्याच परिसरात चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदी व काठची शेते नासली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रदूषण करणाऱ्याने पीडितांस भरपाई द्यावीच, शिवाय बिघडलेली भूमी व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावा. तरीही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयास त्याच नदीसाठी पुन्हा आदेश द्यावे लागले.

कोणी म्हणेल, कारखाने बंद पडले तर कामगारांच्या चुली विझतील. ही चिंता खरी आहे. परंतु निर्गमातील नियम जनावरे मारावयास सांगत नाही. तो शेत भरून द्यावयास सांगतो.

आणि हे अशक्य नाही. चेन्नईतच अड्यार नदीच्या मुखाजवळ राडारोडा, कचरा व सांडपाण्याने भरलेली ५८ एकर पाणथळ जमीन साफ करून तेथे स्थानिक झाडे लावण्यात आली. २०११ साली ते उद्यान खुले झाले. तेथे आता पक्षी येतात.

वाचकहो, आपल्या पायांतील चामडे, घरातील वीज, वाहनातील इंधन कोठून तरी आले आहे. जक्कयाने केवळ खेद केला नाही. चौपट परत देण्याचे वचन त्याने सर्वांदेखत दिले. यापुढे भरपाईची बातमी वाचाल, तेव्हा रकमेच्या आकड्यापाशी थांबू नका. विहिरीचे पाणी गोडे झाले काय, जाळ्यात मासळी आली काय, हे विचारा.