देव आणि परग्रहवासी



“परग्रहावरील जीवांचा पुरावा नाही, तसा देवाचाही नाही. मग एकावर हसायचे आणि दुसऱ्यापुढे गुडघे टेकायचे, हे कसे?” असे आपल्या घरातील तरुण विचारतात. त्यांना रागावून गप्प करू नये. प्रश्न प्रामाणिक आहे.

अन्य ग्रहांवर जीव सापडले, तर ख्रिस्तसभेला त्याचे भय नाही. देव अनेक विश्वे निर्माण करू शकत नाही, हे मत पॅरिसच्या बिशपांनी १२७७ सालीच निषिद्ध ठरविले होते. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक, येशूसंघीय फादर फुनेस यांनी २००८ साली सांगितले की, असे जीव असतील तर तेही देवाचीच निर्मिती.

मग फरक कोठे? परग्रहवासी असलेच, तर ते या विश्वातच कोठे तरी, अमुक अंतरावर असणार. म्हणून त्यांचा शोध दुर्बिणीने घेणे योग्यच. देव मात्र विश्वातील आणखी एक वस्तू नव्हे. मुळात काहीही अस्तित्वात का आहे, या प्रश्नापाशी आपण त्याच्याकडे वळतो. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण हीच आहे. घराच्या खोल्या धुंडाळून गवंडी सापडला नाही, म्हणून घर आपोआप उभे राहिले असे आपण म्हणत नाही.

दुसरा फरक अंतःकरणाचा. १९७४ साली आरेसिबोहून एका दूरच्या तारकागुच्छाकडे रेडिओ संदेश पाठविला गेला. तो पोहोचायला सुमारे २५,००० वर्षे लागतील. उत्तर आले नाही, तरी आपली झोप उडत नाही. आजारी लेकराच्या उशाशी रोझरी म्हणणाऱ्या आईला मात्र देवाचे मौन जाळते. ज्याच्यावर आपण विसंबतो, त्याचेच मौन दुखते. क्रुसावर प्रभू येशूनेही ते सोसले, आणि तरीही स्वतःला पित्याच्याच हाती सोपविले. श्रद्धा म्हणतात ती हीच.

देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथरतात, असे संत याकोब बजावतात. ‘वर कोणी तरी असावा’ एवढेच मानून आपण मिस्साला येत असू आणि बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरीत असू, तर त्या तरुणांची तुलना खरी ठरते, आणि ती आपणच खरी ठरवितो.

म्हणून पुढच्या रविवारी वेदीपाशी येण्यापूर्वी आपण त्या एका घराचे दार ठोठावू या. तरुणांना तेच उत्तर अधिक पटेल.

प्रभू आपणांस तसे बळ देवो.