जे टिकतं ते आधी

हाताशी थोडेच पैसे आणि मनात क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचं ड्रोन, अशा वेळी पहिली ओढ मोटारींची लागते. चार मोटारी टेबलावर मांडल्या की अर्धं यंत्र झाल्यासारखं वाटतं. माझं मत मात्र ठाम आहे: पहिल्या महिन्याचे पैसे रिमोटवर घालावेत. सांगाडा मोडेल, मोटारीचा दांडा वाकेल, प्रोपेलर तर हमखास तुटतील. चांगला रिमोट या सगळ्यांना पुरून उरतो आणि पुढच्या यंत्रालाही चालतो. शिवाय तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो. तिथे कितीही वेळा आपटलं तरी रुपया खर्च होत नाही आणि मोटारींचे पैसे साठेपर्यंत बोटं तयार होतात.

बॅटरीचं नेमकं उलटं. लिथियम पॉलिमर बॅटरी नुसती कपाटात पडून असली तरी झिजत राहते; पूर्ण भरून, म्हणजे दर सेलला 4.2 व्होल्टवर ठेवली तर आणखी लवकर. न वापरता ठेवायची तर 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवतात. म्हणून ती सगळ्यात शेवटी घ्यावी. चार्जर मात्र प्रत्येक सेल समान भरणाराच हवा. ही बॅटरी बिघडली तर पेट घेऊ शकते, तिथे काटकसर नको. काटकसर सांगाड्यात करावी, पातळ प्लायवूड उत्तम चालतं. बाकीचं किडुकमिडुक मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सुटं मिळतं: एखादा कनेक्टर, हातभर वायर.

हप्त्याहप्त्याने बांधण्यातला खरा लाभ पैशापलीकडचा आहे. महिनाभर टेबलावर एकच मोटार असते, तेव्हा तिच्याकडे नीट बघितलं जातं. तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. मग दोन मोटारी उजवीकडे आणि दोन डावीकडे का फिरवतात, ते उमगतं. फिरणारा प्रत्येक प्रोपेलर सांगाड्याला उलट दिशेला पिळतो, आणि दोन्हीकडचे पीळ एकमेकांना मारतात. यंत्र जागच्या जागी वळवायचं तर एका जोडीचा वेग वाढवायचा, दुसरीचा कमी करायचा. सगळं एकाच खोक्यात आलं असतं, तर कागदावरचं चित्र बघून तारा जोडल्या असत्या आणि हा विचार राहून गेला असता.

यंत्राचा तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर हातात आला की मला 1907 साल आठवतं. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी चार पंख्यांचं यंत्र माणसासह जमिनीपासून जेमतेम दोन फूट उचललं. ते कलू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार माणसं उभी होती. उचलण्याची ताकद होती, तोल सावरणारं काही नव्हतं. आज ते काम नखाएवढा संवेदक आणि एक चिप सेकंदाला शेकडो वेळा करतात. हे स्वस्त झालं ते मोबाइल आणि खेळण्यांमुळे. निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलच्या रिमोटला लावायच्या जोडणीतले जायरोस्कोप हौशी लोकांनी आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडले आणि 2010 च्या सुमारास मल्टीवी हे मुक्त सॉफ्टवेअर आकाराला आलं. आज फ्लाइट कंट्रोलरवर चालणाऱ्या बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरचं मूळ तिथपर्यंत जातं. अनोळखी माणसांनी मोकळ्या हाताने दिलेल्या या कामावर आपलं कमी पैशातलं यंत्र उभं राहतं, याची कृतज्ञता मला वाटते.

पहिल्यांदा वीज जोडताना प्रोपेलर काढून ठेवावेत आणि बॅटरीच्या एका तारेत गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब घालावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि महिन्यांची जमवाजमव वाचते. उडवायला सकाळ चांगली, वारा पडलेला असतो. वजन 250 ग्रॅमच्या आत असेल तर चालक परवाना लागत नाही, पण विमानतळाजवळची आणि लष्करी जागा टाळायचीच. कॅमेरा आणि जीपीएस पुढच्या वर्षी घेतले तरी चालेल. या महिन्यात पैसे उरलेच तर जास्तीचे प्रोपेलर आणावेत, उजवे आणि डावे दोन्ही.