चढ मोजताना

कोलंबिया नदीच्या घळईतून सायकलची फेरी आखताना तुम्ही आधी काय बघता? चढ. मोझियरहून रोवीनाच्या वळणांनी जाणारा ऑरेगनचा जुना रस्ता आखणाऱ्यांनी ५ टक्क्यांहून तीव्र होऊ दिला नाही. पुढे द डॅल्सचा पूल, वॉशिंग्टनच्या काठाने परत येताना तोंडावर पश्चिमेचा वारा, हूड रिव्हरच्या पुलावर सायकलला बंदी, म्हणून तिथे गाडीची सोय. सगळ्याचा हिशेब होतो. द डॅल्सच्या धरणामागचे संथ पाणी मात्र आपण ‘निसर्ग’ म्हणून सोडून देतो.

त्या पाण्याखाली सेलिलोचा धबधबा आहे. १० मार्च १९५७ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत मूळ रहिवाशांची हजारो वर्षांची सॅमन पकडण्याची जागा बुडाली. मुळशीच्या तलावाकाठी सायकल चालवलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. १९२१चा सत्याग्रह अशाच बुडणाऱ्या जमिनींसाठी होता.

मग इथे आनंद घेऊच नये का? घ्यावा. आपण न गेल्याने बुडालेले वर येत नाही. पण स्वतः निवडलेल्या कष्टाचा पै-पै हिशेब ठेवायचा आणि दुसऱ्यांवर लादलेला कष्ट देखाव्यात जमा करायचा, हे प्रामाणिक नाही. आखणीत सेलिलोपर्यंतचे जास्तीचे १२ मैल धरा. धबधबा दिसणार नाही. गाव आहे, आणि तिथे अजून माणसे राहतात.