उडीआधी दोर

सिवनीकडं भीमगड धरणाचे दरवाजे उघडले, की बालाघाटला वैनगंगाकाठचे लोक नदीवर नजर ठेवू लागतात. अशा वेळी बचाव पथकाआधी पोचतो तो शेजारीच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली, ती हेच ओळखून. पुढं ती ३५० जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्याचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, त्यात पूरबचाव, प्रथमोपचार. बुडणाऱ्याकडं आधी दोर किंवा बांबू टाकायचा, उडी सगळ्यात शेवटी. धाडसी पोरांना हे पटत नाही. पण घाबरलेल्याची मिठी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तळाशी नेते. नदीकाठच्या ढिवर मासेमारांना मात्र प्रवाहाची नस ठाऊक असते. त्यांना शिकायला बोलवावंच, शिकवायलाही.