माकडाची धमनी, बाईची पिशवी

नसबंदी केलेल्या माकडांच्या धमन्या जास्त खराब होतात, असं १९७८ साली अमेरिकेत नॅन्सी अलेक्झांडर आणि टॉमस क्लार्कसन यांना आढळलं. ती माकडं मुद्दाम कोलेस्टेरॉलयुक्त आहारावर ठेवलेली होती. म्हणून १९८० मध्ये त्यांनी साधं खाणाऱ्या ऱ्हीसस माकडांकडे पाहिलं. त्यांची नसबंदी होऊन ९ ते १४ वर्षं लोटली होती. तिथंही तेच दिसलं. नळी बांधली तरी शुक्रजंतू तयार होतच राहतात आणि शरीर ते जिरवतं. त्यांच्याविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं धमनीच्या अस्तराला इजा करत असावीत, असा तर्क होता.

धास्ती साहजिक होती. आपल्याकडे तर आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ६० लाखांवर पुरुषांची नसबंदी झालेली. मग माणसं तपासली गेली. १९८४ साली नसबंदी झालेल्या १० हजारांवर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार वाढलेला दिसला नाही, आणि पुढच्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. माकडांत दिसलं ते माणसात उतरलं नाही.

मला या कामाचा आदर वाटतो. एवढ्याशा छेदाचं दहा-पंधरा वर्षांनी काय होतं, हे कुणीतरी चिकाटीनं विचारलं.

बीडमध्ये हे आठवलं की जीव तुटतो. इथं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या अंगावर, आणि एकाचा खाडा झाला तरी दंड. बाईची पाळी म्हणजे खाडा, अंगावरून जाणं म्हणजे खाडा. मग कुणीतरी सांगतं, गर्भाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले: जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. काहींनी तर तिशीही ओलांडली नव्हती.

पिशवीबरोबर अंडाशयंही गेली की ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात: हाडं ठिसूळ होतात, अंगाची लाही होते आणि हृदयविकाराचा धोका खरोखर वाढतो. ज्या भीतीपोटी माकडांच्या धमन्या उघडून पाहिल्या, ती भीती इथं बायकांच्या बाबतीत खरी आहे.

पुरुषाची नसबंदी मात्र अजून नकोच. ‘अशक्तपणा येतो, कोयता धरवत नाही,’ हे मी लहानपणापासून ऐकतो. नसबंदीनं वृषणांना धक्का लागत नाही, संप्रेरकं तशीच राहतात, आठवड्याभरात माणूस कामाला लागतो. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा एक ओळखीची बाई ट्रॅक्टरवर चढताना दिसली. वय बत्तीस, पिशवी काढलेली. कमरेला जुनं लुगडं घट्ट आवळलेलं, कारण मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना पाठ सरळ होत नाही. कुणी तपासलं का, विचारलं. ‘टाके काढायला गेले होते तेवढंच,’ ती म्हणाली, आणि लेकराला वर ओढून घेतलं.